ऑनलाइन समुपदेशन: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताण, घबराट, घरातलं किंवा नवरा-बायकोतलं बिनसलेलं नातं, अशा कारणांसाठी समुपदेशकाशी ऑनलाइन बोलावं का, या विचारात असलेल्या लोकांकडून जे प्रश्न समुपदेशक म्हणून मला पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथून जास्त येतात, थोडे दुबई-कुवेतहून आणि जहाजांवरूनही. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. जीव नकोसा झाला असेल तर बाकीचं राहू दे, आधी प्रश्न २२ वाचा.

१. ऑनलाइन समुपदेशन म्हणजे नेमकं काय? मैत्रिणीशी फोनवर बोलते तसंच ना?

बोलणं तसंच, काम वेगळं. मैत्रीण तुमची बाजू घेते, सल्ला देते आणि मध्येच स्वतःच्या सासूचंही सांगून घेते. समुपदेशक ठरलेल्या वेळी, साधारण पाऊण ते एक तास, फक्त तुमच्याबद्दल बोलतो. त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, त्या वेळी डोक्यात काय येतं आणि मग तुम्ही काय करता, हे तो तुमच्याबरोबर सुटं करून बघतो. मधल्या आठवड्यात करायला काहीतरी देतो आणि पुढच्या वेळी त्याबद्दल विचारतो. हे व्हिडिओवर, नुसत्या आवाजावर किंवा लिहून चालतं. चिंता आणि नैराश्य यांसाठी सीबीटी नावाची, विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी, जी पद्धत सर्रास वापरली जाते ती व्हिडिओवरूनही समोरासमोरच्या इतकीच उपयोगी पडते, असं अभ्यासांतून दिसलं आहे. जिथे ऑनलाइन पुरत नाही, ते प्रश्न १४, १७, १९ आणि २२ मध्ये आहे.

२. समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट, यांतला कोण निवडायचा?

सायकियाट्रिस्ट हा डॉक्टर. एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेला. गोळ्या फक्त तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसिक चाचण्या आणि बोलून करायचे उपचार करतो, औषध देत नाही. समुपदेशक बहुधा मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकून वर समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेला असतो.

कामावर जाताय, जेवताय, रडतखडत का होईना दिवस निभतोय, पण आतून पोखरल्यासारखं झालंय, तर समुपदेशकापासून सुरुवात करायला हरकत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अंघोळ करायचंही बळ नाही, नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी मागावर आहे असं खात्रीने वाटतं, तर थेट सायकियाट्रिस्ट. चुकीच्या दारात गेलात तरी बिघडत नाही. चांगला माणूस स्वतःच योग्य ठिकाणी पाठवतो.

३. इन्स्टाग्रामवर रोज नवा ‘कोच’ दिसतो. समोरचा खरा की बोगस, हे कसं ओळखू?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून बघा. क्रमांक मागितल्यावर जो दुखावतो त्याला तिथेच नमस्कार करा. सायकियाट्रिस्टचा क्रमांक वैद्यक परिषदेचा असतो. समुपदेशकांचं गणित अजून सैल आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात त्यांचा समावेश झाला, पण प्रत्यक्षात आजही कोणीही नावापुढे समुपदेशक लावून बसतो. म्हणून विचारा: शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, माझ्यासारख्या तक्रारीवर कोणती पद्धत वापरता?

मात्र नुसत्या पदवीलाही भुलू नका. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या संगथ या संस्थेने इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांकडून नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका देऊन पाहिल्या. नेहमीच्या उपचारांना या बैठकांची जोड मिळालेले लोक तीन महिन्यांनी जास्त बरे होते. २०१६ च्या अखेरीस हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. थोडक्यात, प्रशिक्षण आणि वरून देखरेख या दोन गोष्टी बघायच्या.

पहिल्याच फोनवर ‘एकवीस दिवसांत शंभर टक्के बरं करतो’ म्हणणारा, दहा सेशनचे पैसे आगाऊ मागणारा, लग्न मोडायचं की नाही ते स्वतःच सांगून टाकणारा, या तिघांपासून लांब राहा.

४. ताण तर सगळ्यांनाच असतो. एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला जायचं?

ताण किती मोठा यापेक्षा तो तुमच्याकडून काय काढून घेतोय ते बघा. हॉटेलात काम करणाऱ्यांना जूनपासून चिंता लागतेच. सीझन संपला, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पगार पुरा मिळणार की नाही. ही चिंता कारण असलेली आहे. पण तीच माणसं भर डिसेंबरात, हॉटेल गच्च भरलेलं असताना, रात्री तीनला जागी होऊन हिशेब मांडायला लागली, की ती चिंता कारणावाचून चालू राहिलीय असं समजायचं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, काम किंवा घरच्यांशी वागणं बिघडलं असेल, तर एकदा बोलून घ्यावं. ‘माझ्यापेक्षा वाईट हाल असलेले लोक आहेत’ हे खरं असतं, त्याने तुमची झोप मात्र परत येत नाही.

५. एकाएकी छाती धडधडते, हात-पाय गार पडतात, आता मरणार असं वाटतं. डॉक्टर म्हणतात हार्ट ठीक आहे. मग हे काय?

ही लक्षणं पॅनिक अटॅकशी जुळतात. तो झपाट्याने चढतो, साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. अर्थात पहिल्यांदा असं झालं तर ‘मनाचंच असेल’ म्हणून घरी बसायचं नाही. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घ्यायचं, कारण थायरॉइड वाढलं किंवा रक्त कमी झालं तरी अशीच धडधड होते. छातीत दुखून हातात किंवा जबड्यात कळ जात असेल तर १०८ ला फोन.

तपासण्या ठीक निघाल्या की समुपदेशनाचं काम सुरू होतं आणि ते ऑनलाइन चांगलं चालतं. अटॅकपेक्षा अटॅकच्या भीतीने माणूस जास्त अडकतो. आधी कदंबाच्या बसमध्ये चढणं बंद होतं, मग बाजारात जाणं, मग देवळातल्या गर्दीत जाणं. पायरीपायरीने ते सगळं परत सुरू करणं हाच उपचार. पहिल्या दिवशी बसस्टॉपवर नुसतं उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी एका थांब्यापर्यंत जायचं, असं. फोन कानाला लावून समुपदेशक त्या वेळी तुमच्याबरोबर असू शकतो. दवाखान्याच्या खोलीत बसून हे जमत नाही.

६. घरात सात माणसं. सासूबाई शेजारच्या खोलीत. मी बोलू कुठे?

सगळ्यांत जास्त हाच प्रश्न येतो. ऑनलाइन म्हटलं की लोकांना ॲप आणि इंटरनेट अवघड वाटतं. माझ्या मते खरी अडचण दाराची आहे. गोव्यातल्या घरांना खोल्या भरपूर, पण दिवसाढवळ्या दार लावायची रीत नाही. दुपारी दोनला कडी लावून बसलेली सून म्हणजे संध्याकाळी वाड्यावर विषय.

इअरफोनने प्रश्न अर्धाच सुटतो. समुपदेशकाचा आवाज बाहेर जात नाही, तुमची उत्तरं जातात आणि घरच्यांना तीच हवी असतात. म्हणून आधीच सांगून ठेवा की आज मोकळं बोलता येणार नाही. मग तो हो-नाहीत उत्तरं देता येतील असे प्रश्न विचारतो, आणि माणसांची नावं तुम्ही चॅटमध्ये टाइप करता. एक सांकेतिक वाक्यही ठरवून ठेवा. ‘पार्सल अजून आलं नाही हो’ असं तुम्ही म्हटलंत, की कोणीतरी आत आलंय हे त्याला कळतं आणि तो लगेच विषय बदलतो. पंखा जोरात, बाहेर टीव्ही चालू, याचाही उपयोग होतो.

वेळ निवडताना घरच्यांचं वेळापत्रक बघा. कोणाची सासू शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाते, कोणाच्या घरचे सोमवारी मंगेशीला पालखीला. तो तास आपला.

घर जमतच नसेल तर गाडी. सत्तरीतल्या एक शिक्षिका शाळा सुटल्यावर काजूच्या भाटाकडेला गाडी लावतात, काचा वर करतात आणि फोन स्टिअरिंगला टेकवतात. मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो. ओळखीचं कोणी स्कूटरवरून गेलं की त्या लाल पेन हातात घेऊन एका पेपरावर खूण करतात, तो माणूस हात हलवून पुढे जातो, आणि बोलणं तुटलं तिथून सुरू होतं. गाडी चालवत असताना मात्र सेशन नको. कोणताही शहाणा समुपदेशक अशा वेळी फोन ठेवून देईल.

७. आमच्याकडे सगळे एकमेकांचे ओळखीचे. मी जातोय हे कोणाला कळणार नाही ना?

आधी कायदा सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. नोंदणीकृत तज्ज्ञावर तो बंधनकारक आहे. इतर समुपदेशकांकडून गुप्ततेची अट लेखी घ्या. अपवाद मोजके: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं असेल. शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं, समुपदेशकाला पर्याय नसतो. हे सगळं पहिल्याच सेशनला सांगितलं जायला हवं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

पण माझ्या अनुभवात बातमी समुपदेशकाकडून फुटत नाही, ती फोनमधून फुटते. यूपीआयने पैसे भरले आणि जॉइंट खात्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर गेला. कुलूपबंद स्क्रीनवर ‘उद्या चारचं सेशन’ असं झळकलं. लॅपटॉप घरात सगळ्यांचा आणि मेल उघडाच राहिला. सूचनांचा मजकूर लपवा, पैसे भरायला स्वतःचं खातं वापरा, भेटीच्या आठवणी मेसेजऐवजी तोंडी ठरवा.

आणि समुपदेशक आपल्या तालुक्याबाहेरचा घ्या. ऑनलाइनचा गोव्याला झालेला सगळ्यांत मोठा फायदा मला हाच वाटतो: फोंड्याच्या माणसाला फोंड्यातल्या दवाखान्याच्या बाकावर बसावं लागत नाही. समुपदेशक नात्यातला किंवा ओळखीतला निघाला तर त्यानेच ‘मी तुमची केस घेऊ शकत नाही’ असं सांगायला हवं.

८. मी घरी कोकणी बोलते, वाचते मराठी. पुण्याच्या समुपदेशकाला माझं कळेल का?

कळेल. रडू आलं की माणूस घरच्याच भाषेत बोलतो, आणि मराठी माणसाला तेवढी कोकणी समजते. मिसळून बोला. फरक पडतो तो इथल्या चालीरीती माहीत नसण्याने. चवथीला घरी गेलो नाही म्हणजे नेमकं किती मोठं भांडण झालंय, हे बाहेरच्याला समजावून सांगावं लागतं. तुम्हाला त्याचा कंटाळा येणार असेल तर गोव्यातला किंवा सिंधुदुर्गातला माणूस शोधा.

९. पहिल्या सेशनला काय विचारतात? मला सुरुवातच करता येणार नाही.

सुरुवात करणं त्याचं काम. ‘कुठून सांगू कळत नाही’ एवढं म्हणालात तरी पुरे. तो त्रास, झोप, भूक, जुने आजार, चालू गोळ्या, घरात कोण कोण आहे, दारू-तंबाखू आणि जीव देण्याचे विचार येतात का, हे विचारतो. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, घाबरू नका. कधीकधी सात किंवा नऊ प्रश्नांची छोटी यादी भरून घेतात. त्यातले गुण पुढच्या वेळच्या गुणांशी ताडायला उपयोगी, त्यावरून कोणी तुमच्यावर शिक्का मारत नाही.

आणखी एक गोष्ट विचारतात जी लोकांना खटकते: आत्ता तुम्ही नेमके कुठे आहात, आणि अडचणीत कोणाला फोन करायचा? समोरासमोर असताना तुम्हाला एकदम काही झालं तर समुपदेशक उठून पाणी देऊ शकतो. स्क्रीनवरून त्याला मदत पाठवावी लागते, आणि पत्त्याशिवाय ती पोचत नाही. म्हणून खोटा पत्ता देऊ नका.

१०. किती सेशन लागतात, किती पैसे जातात, विमा मिळतो का?

साध्या ताणासाठी चार-सहा, चिंता-नैराश्यासाठी बहुधा आठ ते सोळा, नात्यांचं काम लांबतं. आठवड्याला एक, नंतर पंधरवड्याला. खाजगीत एका सेशनला पाच-सहाशे रुपयांपासून दोन हजारांच्या पुढेही घेतात. जास्त पैसे म्हणजे जास्त चांगला, असं अजिबात नाही. सेशन रद्द केलं तर पैसे कापतात का, ते आधी विचारा.

२०१७ च्या कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा आहे. पण बहुतेक पॉलिसी इस्पितळात दाखल झाल्यावरच पैसे देतात, बोलण्याच्या सेशनला देत नाहीत. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का बघा.

११. पैसेच नाहीत. फुकट काय आहे?

टेली-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. दर वेळी तोच माणूस मिळेलच असं नाही, म्हणून लांबच्या कामापेक्षा आजची रात्र निभवायला ती जास्त चांगली. समोरासमोर हवं असेल तर बांबोळीला गोमेकॉजवळची (गोवा मेडिकल कॉलेजजवळची) सरकारी मानसोपचार संस्था आहे, आयपीएचबी. ‘बांबोळीला गेला’ याला गावात जो अर्थ चिकटलाय तो मला माहीत आहे. तिथल्या ओपीडीत झोपेसाठी, घबराटीसाठी आलेले साधे नोकरदार लोकच रांगेत असतात.

१२. आमच्याकडे पावसात रेंज जाते, लाइटही जाते. मग?

फोन तुटला तर कोणी कोणाला, किती मिनिटांत लावायचा, हे पहिल्या दिवशीच ठरवा. व्हिडिओ अडखळला की लगेच आवाजावर या. साध्या फोनवर झालेलं सेशनही पूर्ण सेशन असतं. जून-जुलैत फोन चार्ज करून ठेवा.

१३. मला चेहरा दाखवायचा नाही. नुसत्या चॅटवर चालेल?

सुरुवातीला चालेल. लाजरी माणसं, तोतरे बोलणारे, भिंतीपलीकडे कोणी आहे असे लोक, यांना लिहिणं सोपं जातं. तोटा असा की तुम्ही ‘ठीक आहे’ लिहिताना रडताय हे समोरच्याला दिसत नाही. काही सेशन झाल्यावर निदान आवाजावर यायचा प्रयत्न करा. नातेसंबंधांचं काम मात्र नुसत्या चॅटवर मी घेत नाही. लिहिलेल्या वाक्याचा स्क्रीनशॉट काढून भांडणात वापरला जातो, हे अनेकदा होतं.

१४. गोळ्याही ऑनलाइनच मिळतील का?

समुपदेशकाकडून कधीच नाही. सायकियाट्रिस्ट देऊ शकतो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी त्याला तशी मुभा दिली आहे. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणि सही हवी. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांवर बंधनं आहेत, त्या व्हिडिओ कॉलवर मागून मिळाल्या नाहीत तर डॉक्टरवर चिडू नका, त्यांची सवय लागते म्हणून ती बंधनं आहेत. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने त्या एकदम थांबवू नका, चक्कर, अस्वस्थता असे त्रास होतात.

१५. नवरा दुबईला, मी डिचोलीत. दोघांचं एकत्र सेशन होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि अशा जोडप्यांना ऑनलाइनशिवाय दुसरा मार्गही नाही. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत-कतार अडीच तास. त्याची ड्युटी सुटेपर्यंत इथे रात्रीचे दहा वाजतात आणि दोघंही दमलेले असतात; शक्यतो त्याच्या सुट्टीच्या दिवसाची सकाळ धरा. अमिरातीत व्हॉट्सॲपचा कॉल चालत नाही, तिथे चालणारं ॲप आधी तपासून घ्या. तिथे त्याच्या खोलीत आणखी माणसं असतात, तेव्हा प्रश्न ६ त्यालाही वाचायला द्या. जहाजावरचा नवरा असेल तर आठवड्याची वेळ पाळणं कठीण. मग तो बंदराला लागेल तेव्हा एकत्र, मधल्या काळात तुम्ही एकटीने, असा मेळ घालतात.

एक गोष्ट आधी विचारून ठेवा: एकाने एकट्यात सांगितलेलं समुपदेशक दुसऱ्यापासून लपवून ठेवणार का? काही ठेवतात, काही ‘माझ्याकडे गुपितं नकोत’ म्हणतात. कुठलाही नियम चालेल, पण तो दोघांना सुरुवातीलाच माहीत हवा. नाहीतर बाहेरचं प्रकरण मधल्या एका फोनवर कबूल केलं जातं आणि पुढचं सेशन तिघांनाही जड जातं.

१६. बायको यायला तयार नाही. मी एकट्याने येऊन काय उपयोग?

उपयोग आहे. भांडणातली एक बाजू बदलली की भांडण जसंच्या तसं चालू राहत नाही. फक्त ‘तिला कसं बदलू’ हे घेऊन येऊ नका, त्यात महिने जातात. आणि तिला ‘तुला मदतीची गरज आहे’ असं म्हणू नका. ‘मला जमत नाहीये, मी कोणाशी तरी बोलतोय, एकदा येशील?’ असं म्हटल्यावर येण्याची शक्यता जास्त.

१७. तो हात उचलतो, पण नंतर माफी मागतो. दोघांनी मिळून समुपदेशन घेतलं तर सुधारेल का?

मारहाण चालू असताना दोघांचं एकत्र समुपदेशन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सेशनमध्ये तुम्ही खरं बोलाल आणि फोन बंद झाल्यावर त्याची किंमत द्याल. स्क्रीनच्या चौकटीबाहेर काय चाललंय हे समुपदेशकाला दिसत नाही, म्हणून ऑनलाइनमध्ये तर धोका जास्तच. तुमच्यासाठी वेगळं, एकटीचं सेशन घ्या, तेही तो तुमचा फोन तपासत नाही याची खात्री करून. तपासत असेल तर मैत्रिणीच्या किंवा कामावरच्या फोनवरून.

महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि घरात राहण्याचा हक्क मागता येतो. शिवीगाळ, पैसे अडवून ठेवणं, माहेरी फोन करू न देणं, हेही त्यात येतं.

१८. वेगळं व्हायचं जवळजवळ ठरलंय. घर कोणाचं, मुलं कोणाकडे, हे समुपदेशक सांगेल का?

नाही, त्यासाठी वकील. आणि तो गोव्यातलाच. इथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून लागू आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे समाईक धरतात. मुंबईच्या मामेभावाच्या घटस्फोटावरून काढलेले अंदाज इथे चुकतात. मुलांना काय सांगायचं, आजी-आजोबांना कसं सांगायचं, एका छताखाली उरलेले महिने कसे काढायचे, हे समुपदेशनाचं काम.

१९. नवऱ्याची दारू हाच खरा प्रश्न आहे. ऑनलाइन सुटेल का?

किती पितो यावर आहे. त्रास होईल इतकी पिणाऱ्या पुरुषांसाठी संगथने गोव्यातच बोलण्याच्या मोजक्या बैठका तपासल्या आणि तीन महिन्यांनी त्यांचा चांगला गुण दिसला, तेव्हा बोलून काही होत नाही असं समजू नका. पण सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून पितो, अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे आधी इस्पितळ, मग समुपदेशन. त्याच्या नकळत जेवणात घालायची औषधं विकतात, ती आणू नका.

तो येत नसेल तर तुम्ही या. घरातल्या बाईने किती झाकायचं, ऑफिसला खोटा फोन करायचा की नाही, यावर बोलण्यासारखं पुष्कळ असतं.

२०. घरचे म्हणतात दिष्ट लागलीय, देवाला कौल लावलाय. दोन्ही चालू ठेवलं तर चालेल?

चालेल. गाऱ्हाणं घालून मन शांत होत असेल तर त्याच्या आड समुपदेशक येत नाही. कौल उजवा पडेपर्यंत उपचार थांबवायचे, गोळ्या बंद करायच्या, किंवा उतरवण्याच्या नावाखाली माणसाला उपाशी ठेवायचं, मारायचं, हे मात्र नाही.

२१. ऑनलाइन संमोहन करून माझ्याकडून काही वदवून तर घेणार नाहीत?

समुपदेशनात संमोहन सहसा वापरतच नाहीत. आणि भीती वाटत असेल तर पणजीत जुन्या सचिवालयाजवळचा आबे फारियाचा पुतळा आठवा. कांदोळीत १७५६ ला जन्मलेल्या या आपल्याच माणसाने पॅरिसमध्ये हे मांडलं, की संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसली शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं.

२२. जगावंसं वाटत नाही. पुढच्या गुरुवारी सेशन आहे, तोवर थांबू?

थांबू नका. आत्ता टेली-मानसचा मोफत क्रमांक १४४१६ लावा. काही करून बसला असाल किंवा करण्याच्या बेतात असाल तर १०८ किंवा ११२, किंवा कोणालातरी घेऊन थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आपत्कालीन विभागात. एकटे राहू नका, बाजूच्या खोलीतल्या माणसाला उठवा. काय सांगू असं वाटलं तर हाच परिच्छेद दाखवा. कीटकनाशक, साठवलेल्या गोळ्या, दोर, जे डोक्यात आहे ते दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या.

पोलिसांची भीती असेल तर: २०१७ च्या कायद्यातल्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याबद्दल त्याला शिक्षा करत नाहीत.

घरातल्या कोणाबद्दल शंका असेल तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने डोक्यात विचार भरत नाही. बहुतेकांना विचारल्यावर सुटल्यासारखं वाटतं.

२३. मुलगा सोळाचा आहे. तो समुपदेशकाला काय सांगतो ते आम्हाला कळायला नको का?

अठरा वर्षांखाली पालकांची संमती लागते, पण बोललेला शब्दन् शब्द ऐकायचा हक्क त्याने मिळत नाही. दाराआड उभे राहून ऐकलंत तर तो दुसऱ्या सेशनला गप्प बसेल. समुपदेशक मधून मधून मोघम प्रगती सांगतो, आणि धोका असेल तर नक्की सांगतो. संमती एका पालकाने दिली आणि दुसरा विरोधात असेल, वेगळं राहणाऱ्या जोडप्यांत असं होतं, तर ते सुरुवातीलाच सांगा.

२४. तीन सेशन झाली, जमत नाहीये. सोडलं तर वाईट दिसेल?

नाही. आधी त्यालाच सांगून बघा, ‘यातून मला काही मिळत नाही.’ बऱ्याचदा तिथूनच खरं बोलणं सुरू होतं. तरी नाही जमलं तर दुसरा शोधा आणि तोवरच्या नोंदी मागून घ्या. न सांगता गायब होणारेही पुष्कळ असतात, आम्हाला सवय आहे.

२५. एआय चॅटबॉट रात्री दोनलाही उत्तर देतो. त्याच्याशी बोललं तर?

मन मोकळं करायला, विचार कागदावर उतरवल्यासारखे मांडायला ठीक. पण तो बहुधा तुमच्याच सुरात सूर मिळवतो, तुम्ही गप्प झालात तर मागे फोन करत नाही, आणि तिथे लिहिलेल्या मजकुराला प्रश्न ७ मधली गुप्तता लागू नाही. प्रश्न २२ मधल्या परिस्थितीत त्याच्यावर अवलंबून राहू नका.

२६. मला नाही, बहिणीला गरज आहे. ती बोलणार नाही. तिच्याऐवजी मी सेशन घेऊ?

तिच्याऐवजी नाही, तुमच्यासाठी घ्या. तिच्याशी कसं बोलायचं, काय बोलायचं टाळायचं, हे एका सेशनमध्ये ठरवता येतं. तिला न सांगता तिच्या नावाने वेळ ठरवून ऐनवेळी फोन हातात देऊ नका, पुन्हा कधी तयार होणार नाही. समुपदेशक शोधणं, पैसे भरणं, तिची मुलं तासभर सांभाळणं, एवढं तुम्ही करा. नाही म्हणाली तर हट्ट नको, महिन्याभराने परत एकदा विचारा.